कोकणात बालशिक्षिका व्हायचंय? कोर्सची फी भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मुलींचा एक ठरलेला प्रश्न येतो, ‘ताई, लहान मुलांना शिकवायचं आहे, कुठला कोर्स करू?’ काही जणी तर हा प्रश्न विचारण्याआधीच कुठल्यातरी संस्थेत नाव घालून मोकळ्या झालेल्या असतात. माझं उत्तर बदलत नाही. कोर्स तिसऱ्या नंबरावर येतो. आधी काम कुठे करायचं ते ठरवा, मग त्या वयाच्या मुलांत जाऊन बसा, आणि त्यानंतर पैसे भरा. हा क्रम उलटा केला की हातात प्रमाणपत्र असतं आणि ते चालतं कुठे हेच माहीत नसतं.

पहिली पायरी : वाट ठरवा

कोकणात या क्षेत्रात शिरायच्या तीन वाटा आहेत, आणि प्रत्येकीला लागणारे कागद वेगळे.

पहिली अंगणवाडीची. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, तिचं गावातलं रूप म्हणजे अंगणवाडी. इथे शिकवणं हा कामाचा एक भाग झाला. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता, पूरक आहार, लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेला मदत, वजन-उंची, गृहभेटी, सगळं सेविका आणि मदतनीस या दोघींच्या गळ्यात. फक्त गाणी-गोष्टींची हौस असेल तर हे आधीच समजून घ्या.

दुसरी वाट खासगी बालवाडी, नर्सरी, छोटा शिशू-मोठा शिशू. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी, अलिबाग, पनवेल अशा गावांत या भरपूर आहेत. इथे शिकवणं जास्त, पण पालकांचा रेटाही जास्त. साडेतीन वर्षांच्या पोराला एक ते शंभर लिहिता आलं पाहिजे असं म्हणणारे पालक तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटतील.

तिसरी पाळणाघराची. हिच्याकडे आपल्याकडे कोणी गंभीरपणे पाहत नाही, पण लोटे-परशुराम, महाड, रोहा, तळोजा या औद्योगिक पट्ट्यांत गरज आहे. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली जी दुरुस्ती झाली, तेव्हापासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. शिवाय केंद्राच्या मिशन शक्तीतल्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. तीन वर्षांखालची मुलं सांभाळायची तयारी असणाऱ्या मुली कमीच, त्यामुळे जिला ते जमतं तिला मागणी राहते.

मुलग्यांसाठी एक सांगते. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ही पदं महिलांचीच आहेत. बाकीच्या वाटा तुम्हाला खुल्या आहेत, आणि बालवाडीत एखादा दादा असला तर पोरं त्याला सोडत नाहीत.

दुसरी पायरी : मुलांत जाऊन बसा

गावातल्या सेविकाताईंना विचारा, ‘थोडे दिवस येऊन बसू का? मदत करेन.’ बहुतेक जणी हो म्हणतात, कारण हाताखाली माणूस कुणाला नको असतो? मोठ्या ताईंच्या ओळखीने गेलात तर उत्तम, आणि बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, पर्यवेक्षिकेच्या कानावर घातलेलं आणखी बरं. जायचं ते जूनमध्ये. नवी मुलं तेव्हा येतात, रडारड जोरात असते, आणि आपल्याला हे झेपेल का याचा निकाल तिथेच लागतो.

काय बघायचं? मालवणकडच्या एका अंगणवाडीत पाहिलेलं सांगते. तीन वर्षांचा मुलगा, पहिला आठवडा, दाराची चौकट घट्ट धरून उभा. ‘माका घराक जावचा आसा’ एवढं एकच वाक्य. मदतनीस त्याला उचलायला निघाली होती, सेविकेने डोळ्यानेच थांबवलं. मग तिने एक सूप घेतलं, त्यात शिंपल्या ओतल्या आणि दारापासून हातभर अंतरावर बसकण मारली. मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. मोठ्या शिंपल्या एका करवंटीत, बारक्या दुसरीत. मध्येच त्याला एवढंच म्हणाली, ‘आवस येंव दे, मगे जावया,’ आणि एक मोठी शिंपली मुद्दाम बारक्यांच्या करवंटीत टाकली. तेही हळू, दिसेल असं. मुलाने रडता रडता हात पुढे करून ती उचलली आणि बरोबर करवंटीत ठेवली. दार सुटलं.

यात काय काय झालं ते वहीत लिहून काढा, हाच तुमचा पहिला धडा. त्याच्या घरच्या बोलीत उत्तर दिलं. ‘रडायचं नाही, शहाणा ना तू’ असलं काही म्हटलं नाही. आई येणार हे खरं तेच सांगितलं. आणि वर्गीकरण, म्हणजे गणिताची पहिली पायरी, रडण्याच्या आतच सुरू झाली.

असं रोज एक मूल निवडून त्याच्याविषयी पाच-सहा ओळी लिहा. ‘हुशार’, ‘मस्तीखोर’ हे शब्द वापरायचे नाहीत, फक्त जे दिसलं ते. ‘जिन्याची पायरी एकेक पाऊल टाकत चढली, उतरताना भिंत धरली.’ पुढे कुठल्याही कोर्समध्ये निरीक्षण नोंदवही मागतात तेव्हा ही सवय कामाला येते, आणि जिची सवय नसते ती परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रिणीची वही उतरवत बसते.

तिसरी पायरी : कागद आणि कोर्स

अंगणवाडीत जायचं असेल तर महाराष्ट्रात 2023 पासून सेविका आणि मदतनीस दोघींनाही किमान बारावी उत्तीर्ण ही अट आहे. वय 18 ते 35, विधवा महिलेसाठी 40 पर्यंत. उमेदवार त्याच गावची रहिवासी हवी, आणि लहान कुटुंबाची, म्हणजे जास्तीत जास्त दोन मुलांची, अट आहे. निवड गुणांच्या यादीवर होते. त्यामुळे ‘साहेबांशी बोलून देतो, थोडे पैसे लागतील’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात लागते आणि मुदत थोडी असते. म्हणून फाईल आधीच तयार ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, रहिवासी दाखला, आधार, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, एमएससीआयटी केलं असेल तर ते. लग्न झालेल्या मुलींनी नावातल्या बदलाचा पुरावा, म्हणजे विवाह नोंदणी किंवा राजपत्र, आत्ताच काढून घ्यावा. ऐनवेळी तहसीलच्या फेऱ्या मारताना मुदत संपते.

एक गोष्ट कोणी स्पष्ट बोलत नाही. हे पद गावाला बांधलेलं आहे, नोकरीत होते तशी बदली इथे होत नाही. माहेरच्या गावात सेविका झालात आणि लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलात तर पद मागेच राहतं. घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर याचा विचार अर्ज भरण्याआधी करा.

आता कोर्स. सेविका झाल्यावर प्रशिक्षण शासन देतं, त्यासाठी स्वतःच्या खिशातून काही घालायची गरज नाही. मे 2023 मध्ये केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ सुरू केलं, त्यात सेविकांना तीन दिवसांचं बालशिक्षणाचं प्रशिक्षण मिळतं. त्याला जोडून दोन आराखडे आहेत : जन्मापासून तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहासाठी ‘आधारशिला’. ‘आधारशिला’त वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे मांडून दिले आहेत. सुरुवातीचे चार मुलं रुळण्यासाठी, छत्तीस आठवडे प्रत्यक्ष खेळ-शिक्षणाचे, शेवटचे आठ उजळणीचे. महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांत त्याआधीपासून ‘आकार’ हा अभ्यासक्रम आहे. सेविकाताईंकडे त्याची पुस्तिका असते. मागून वाचा, फुकट आहे आणि बऱ्याच महागड्या कोर्सच्या नोट्सपेक्षा सरस आहे.

खासगी बालवाडीसाठी मात्र पदविका हवी. पर्याय साधारण असे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांतली पूर्व-प्राथमिक शिक्षणाची पदविका, डीपीएसई, बारावीनंतर दोन वर्षांची. घरून करायचं असेल तर इग्नूची बाल्यावस्था संगोपन व शिक्षण पदविका, बारावीनंतर किमान एक वर्ष, तिच्यात प्रत्यक्ष कामाचा प्रकल्पही आहे. माध्यम आणि अभ्यासकेंद्र कोणतं मिळेल ते प्रवेशाआधी विचारा. मुंबईला राहायची सोय असेल आणि पदवीच करायची असेल तर गृहविज्ञानातला मानवविकास विषय पाहा, एसएनडीटीत तो शिकवतात. दापोलीजवळच्या मुरुडच्या अण्णासाहेब कर्व्यांनी 1916 साली काढलेलं हे विद्यापीठ, म्हणजे कोकणातल्या मुलींचा तसा हक्कच तिथे.

बाकी गल्लोगल्ली ‘मॉन्टेसरी’, ‘एनटीटी’ (नर्सरी टीचर ट्रेनिंग) अशा पाट्या आहेत. त्यातल्या काही चांगल्या आहेत, काही फक्त प्रमाणपत्र छापतात. फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा. मान्यता कोणाची, तिचं पत्र दाखवा. मुलांबरोबर प्रत्यक्ष सराव किती दिवस, कुठल्या बालवाडीत? शिकवणाऱ्या बाई स्वतः बालवाडीत किती वर्षं होत्या? आणि मागच्या वर्षी शिकून गेलेल्या दोघींशी बोलता येईल का? सरावाच्या प्रश्नाला ‘ते तुमचं तुम्ही बघा’ असं उत्तर आलं तर उठा. डॉक्टरने पेशंट न बघता डॉक्टरकी शिकावी, तसला तो प्रकार.

चौथी पायरी : हात बसवायची कामं

इथे घाई करू नका. कोर्समध्ये जे पानभर असतं ते हातात यायला महिने लागतात.

*गोष्ट सांगणं.* तीन-चार वर्षांचं मूल एका गोष्टीत पाच-सात मिनिटं बसतं, त्याहून लांबवली की चुळबुळ सुरू. पुस्तक धरायचं ते मुलांकडे तोंड करून, स्वतःच्या खांद्याशेजारी, म्हणजे चित्र त्यांना आणि ओळ तुम्हाला दिसते. आरशासमोर सराव करा. गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. ‘मग तो खेकडा बिळात का गेला असेल?’ असं विचारा. उत्तरं ऐका, दुरुस्त करू नका. तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

*साहित्य बनवणं.* यात कोकणासारखं भाग्य नाही. शिंपल्या, करवंट्या, सुपाऱ्या, सागरगोटे, हिर, पोफळीच्या विर्‍या, रातांब्याच्या सुकवलेल्या बिया, जांभ्याची तांबडी माती. मोजणी, वर्गीकरण, आकृतिबंध, माती मळून बोटांना बळ, सगळं यात होतं. प्लास्टिकचे रंगीत ठोकळे आणायची गरज नाही. दोन नियम मात्र पाळा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात चिंचोका, सागरगोटा, बी असलं तोंडात-नाकात जाणारं काही द्यायचं नाही. आणि प्रत्येक वस्तू मोजून बाहेर काढायची, मोजून परत ठेवायची.

*वजन-उंची.* टांगता काटा आधी रिकामा शून्यावर आणायचा, झोळी अडकवल्यावर पुन्हा शून्य करायचा. मुलाचे जाड कपडे, चपला काढायच्या. काटा स्थिर झाल्यावर डोळ्याच्या रेषेत वाचायचा, वरून वाकून वाचला की आकडा चुकतो. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, त्यापुढच्याची उंची उभं करून. दंडाचा घेर मोजायची पट्टी डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, आवळली जाता कामा नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली, म्हणजे पट्टीच्या लाल भागात, आला तर ते तीव्र कुपोषण, तडक आरोग्य केंद्र. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम, लक्ष ठेवा आणि आईशी बोला. आईशी बोलताना दहा जणींसमोर नको. ‘तुझं मूल लाल पट्टीत’ हे वाक्य चारचौघांत उच्चारलं की ती बाई पुढच्या महिन्यात वजनाला येत नाही.

*फोन.* पोषण ट्रॅकर अॅप 2021 पासून आहे. हजेरी, आहार, वजन-उंची सगळं त्यात भरायचं. कोकणात रेंज कुठे मिळते हे गावातल्या पोरांना नेमकं ठाऊक असतं, तुम्हालाही ठाऊक झालं पाहिजे. जागेवर कागदाच्या वहीत आकडा लिहा, मग अॅपमध्ये भरा. उलटं केलंत आणि नेटवर्क गेलं तर पुन्हा सगळ्या पोरांना काट्यावर चढवावं लागतं.

पाचवी पायरी : आपला मुलूख ओळखा

पुस्तकातली अंगणवाडी सपाट गावात असते. आपली गावं वाड्यांत विखुरलेली. एक वाडी डोंगराच्या कुशीत, दुसरी खाडीकाठी, मध्ये साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. जुलैत साकवावरून पाणी जाऊ लागलं की पलीकडची पोरं आठवडा-आठवडा येत नाहीत, आणि कोणी पाठवतही नये.

यावरचं उत्तर कोकणाच्या उत्तर टोकाला फार आधी शोधलं गेलं. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या, पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बरोबर होत्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या पाड्यावर, घरापुढच्या अंगणात नेली. थोरली पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळा कुरणात भरवली. घोलवड स्टेशनला उतरून ती टेकडी एकदा पाहून या, कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त मिळेल. आपण निदान एवढं करावं : साकवापलीकडच्या वाडीत एखाद्या घराची ओटी, म्हणजे पुढची पडवी, शोधावी, आणि पाऊस उघडेल त्या दिवशी शिंपल्यांची पिशवी घेऊन तिथे जावं.

मुलं कोणाची आहेत तेही बघा. हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, त्यांची पोरं अंगणवाडीत येतात आणि महिनाभर एक शब्द बोलत नाहीत. ती मंद नसतात, भाषा ऐकत असतात. त्यांच्या आईकडून पाणी, भूक, शू, दुखतंय एवढे चार शब्द नेपाळीत शिकून घ्या. रायगडात कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. पटावरून नाव काढण्याआधी चौकशी करा, भट्टी ज्या गावात आहे तिथल्या सेविकेला कळवा, लाभ तिथे मिळू शकतो. बंदरावरच्या वाड्यांत, हर्णैला म्हणा की मिरकरवाड्याला, आई पहाटेच मासळीच्या लिलावाला गेलेली असते. पोरगं न विंचरलेलं आणि उपाशी आलं म्हणून तिला दोष देऊ नका, तिची कामाची वेळ आणि तुमची शाळेची वेळ एकच आहे.

शिमगा आणि गणपतीत पट रिकामा असतो, चाकरमानी आले की सगळी वाडी घरात. त्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका.

सहावी पायरी : सुरक्षितता

आवारात विहीर असेल तर कठडा आणि जाळी, नसेल तर ग्रामपंचायतीला लेखी पत्र, आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. पावसाळ्यात सकाळी खोली उघडल्यावर मुलांना आत घेण्याआधी सतरंजी उचलून झटका, भांड्यांचा कोपरा काठीने हलवा. जांभ्याच्या भिंतीत फटी असतात आणि फुरसं, तो विषारी साप, काही हजेरी लावून येत नाही.

मुलाच्या वागण्यात एकाएकी बदल दिसला, एखाद्या माणसाला घाबरू लागलं, दुखत असल्याचं सांगितलं, तर ऐकून घ्या आणि खोदून खोदून प्रश्न विचारू नका. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे, ‘गावची अब्रू’ हे कारण तिथे चालत नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098. नंबर भिंतीवर लावा. खासगी बालवाडीत नोकरी धरताना पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागितली तर वाईट वाटून घेऊ नका. जिथे मागत नाहीत तिथे उलट आपणच विचार करावा. आणि एका वर्गात किती मुलं आहेत तेही विचारा. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत खासगी प्ले स्कूलसाठी वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी व्यक्ती असं प्रमाण सांगितलं आहे. चाळीस मुलं आणि तुम्ही एकट्या, अशी जागा पहिल्या नोकरीला नको.

पैसे आणि पुढचं

अंगणवाडीत पगार नाही, मानधन आहे, आणि ते कधी कधी रखडतं. घरचं सगळं त्यावरच चालणार असेल तर हे माहीत असू द्या. सेविकांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू होते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दिला, तेव्हा नेमणुकीचं पत्र आणि हजेरीच्या नोंदी पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. तालुक्याच्या गावातल्या खासगी बालवाड्या पहिल्या वर्षी फार देत नाहीत, पण दुपार मोकळी मिळते. तिचा उपयोग पदवीसाठी करा. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे बालवाडी आणि पहिली-दुसरी एकाच सलग आराखड्यात आल्या. पदवी असलेल्या बालशिक्षिकेची गरज त्यामुळे वाढणारच.

सेविकेच्या वरचं पद मुख्य सेविकेचं, म्हणजे पर्यवेक्षिकेचं. त्याला पदवी लागते. काही जागा परीक्षेतून आणि काही अनुभवी सेविकांमधून भरतात. बारावीवर थांबलेल्या सेविका इथेच अडकतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं कोकणातल्या महाविद्यालयांत आहेत, काम सांभाळून बी.ए. तिथून होतं. जवळच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन केंद्र आहे का ते विचारा, आणि अर्ज भरायला जाताना बारावीच्या मूळ गुणपत्रकाबरोबर दोन झेरॉक्स न्या.